खंडेनवमीची गोटी

जावयांनी जुनी मोटार घेतली तेव्हा मी लेकीकडे सिंगापुरात, चोआ चू कांग भागात राहात होते. लाल, दोन दारांची, बसक्या अंगाची मोटार. दहा वर्षांचा परवाना संपत आलेला, म्हणून मालकानं जवळजवळ टाकूनच दिली. सिंगापुरात मोटारीचं असंच असतं बरं का, चालती-बोलती असली तरी कागद संपला की ती म्हातारी. मला तिथेच तिच्याबद्दल माया वाटली.

लेक आणि जावई दोघेही कंप्युटरवाले. त्यांना ही मोटार घेऊन पुलापलीकडे, मलेशियात, सहा तासांच्या शर्यतीत पळवायची होती. मोठ्या लोकांची शर्यत नव्हे ती. जुन्या, स्वस्त गाड्या आणायच्या आणि शेवटपर्यंत टिकवून दाखवायच्या. गाडी तयार करायला एक चिनी मेकॅनिक होता. तो मला ऑंटी म्हणायचा, मी त्याला अंकल. वयानं तो माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच, पण उगाच ऐकून का घ्यायचं?

"आई, तुम्ही काय करणार तिथे गॅरेजात? ग्रीस, धूळ..." जावई म्हणाले.

"जावईबापू, मिरजेला सव्वीस वर्षं मोटारींची कुशनं शिवलीत मी. शेजारी गॅरेज. ग्रीस मला नवीन नाही."

शिकले सातवी. बाकीचं सगळं हातानं शिकले. गाडी हलकी करायची म्हणून आतलं सगळं काढायचं होतं. मागची सीट काढली, गालिचा काढला. त्याखाली पत्र्याला डांबराचे जाड पट्टे चिकटवलेले, आवाज येऊ नये म्हणून. अंकलची छिन्नी पत्र्याला खड्डे पाडत होती. मी घरून माझं लोखंडी उलथणं नेलं. पट्ट्यांवर धुरकट कोरडा बर्फ पसरायचा, ते कडक झाले की उलथण्याची धार तिरकी घालायची. थालीपीठ सुटतं तसे सुटले! तीन रविवार मी गाडीत पालथी पडून होते. मग लेकीचा पाय ब्रेकला पुरेना, तर अंकलनं दिलेल्या, आग न धरणाऱ्या कापडाची एक जाड पाठ शिवून सीटमध्ये बसवली.

आता झालं असं, की शर्यतीत एका गाडीबरोबर चौघंच जाऊ शकत होते. चालवणार लेक आणि जावई आळीपाळीनं. चाकं बदलायला अंकल. त्याच्या हाताखाली चौथं कोण? जावयांना ऑफिसातला एक उंचापुरा मित्र घ्यायचा होता.

"आई, तुम्ही प्रेक्षकांत बसा ना. तिथे पंखा आहे."

"पंखा घरीपण आहे."

अंकल हसला. म्हणाला, "ओके ऑंटी. टेस्ट." डोळ्यांवर फडकं बांधलं आणि समोर नटांचा ढीग ओतला. चाकाचे पाच वेगळे काढून एकेक करून त्याच्या हातात द्यायचे. अहो, सव्वीस वर्षं मी बटणं, खिळे, हुक बोटांनीच ओळखत आले! दिले भराभर.

"कॅन," तो म्हणाला, म्हणजे जमेल. मग बोट वर करून, "बट वन मिस्टेक, ऑंटी, यू गो औट अँड सिट. नो क्रायिंग, हा."

"नो क्रायिंग," मी म्हटलं. लेक तोंडावर हात धरून हसत होती.

शर्यत आली दसऱ्याच्या पाठोपाठच. खंडेनवमीला मी हत्यारांची पूजा मांडली. घरी नाही, तिथेच गॅरेजात. टेक्का मार्केटातून झेंडू आणला, पाटावर लाल कापड घातलं, पाने, पक्कड, जॅकचा दांडा, सगळं मांडलं. पान्याला लावून चाकाच्या नटांवर बसवतात त्या पोकळ लोखंडी गोट्याही मांडल्या, तोंडं वर करून. अगदी ओळीनं मांडलेल्या वाट्या दिसत होत्या. वाटी मी आणायला विसरले होते. म्हणून त्यातल्या सगळ्यात मोठ्या गोटीत गुळाचा खडा ठेवला, वर अक्षता घातल्या. नैवेद्य झाला.

तेवढ्यात गाडी न्यायला ट्रक आला, सांगितल्या वेळेच्या एक दिवस आधी. "थांबा, पूजलेली हत्यारं आज उचलायची नसतात," मी ओरडले. पण ट्रकवाला कुठला थांबतोय! जावयांनी पाट तिरका करून सगळं पेटीत ओतलं. झेंडूसकट.

आणि मी विसरले. खरं सांगते, अगदी साफ विसरले.

शर्यतीच्या तिसऱ्या तासाला लेक गाडी घेऊन आत आली. पुढची दोन्ही चाकं बदलायची होती. जावई आत बसून पट्टे बांधत होते. अंकलनं पान्याला मोठी गोटी लावली, नटावर दाबली. निसटली. पुन्हा दाबली, पुन्हा निसटली. त्यानं आत पाहिलं आणि चिनी भाषेत काहीतरी बोलला, ते मला कळलंच.

गोटीच्या तळाशी गूळ पेटीतल्या उकाड्यानं वितळून, पुन्हा घट्ट झाला होता. अक्षता त्यात रुतलेल्या, कुंकवासकट.

"ऑंटी! व्हॉट इज धिस?"

"प्रसाद," मी म्हटलं.

"झालं! मी म्हणत होतो!" जावई आतून ओरडले. "आई, तुम्ही बाहेर जा, प्लीज!"

लेक हेल्मेट काढून माझ्याकडे बघत होती. शब्द दिला होता मी, एक चूक आणि बाहेर. पण पाय हलेनात माझे. खरं तर मी हलवलेच नाहीत.

"चूक माझी आहे, म्हणून तर मी जाणार नाही," मी म्हटलं. "आण ती इकडे."

माझ्या थर्मासात कडक चहा होता. टोपणात ओतला, गोटी बुडवली, अंबाड्यातला आकडा काढला आणि कोरायला लागले. केस सगळे तोंडावर. गूळ पातळ झाला, दाणे एकेक निघाले. पदरानं पुसून गोटी अंकलच्या हातात ठेवली.

"दोन चाकं आहेत. कर पटकन. आरडाओरडा मागून कर."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गोटी लावली आणि दुसरा हात माझ्यापुढे पसरला. मी नट ठेवला. एक. दोन. तीन.

सहा-सात मिनिटं गेली त्यात. आम्ही शेवटून तिसरे आलो. पण ती लाल म्हातारी सहा तास टिकली, आणि शर्यत संपेपर्यंत मीही पंख्याखाली बसले नाही. जावई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी चहा मागताना म्हणाले, "गोटीतला नको, कपातला द्या."

पुढच्या खंडेनवमीला अंकलचाच फोन आला. "ऑंटी, व्हेन यू प्रे? आय वेट, लाह."

गेले. पाट मांडला, झेंडू घातला. गोट्या सगळ्या पालथ्या घातल्या, नैवेद्याला घरून वाटी नेली. पूजा झाल्यावर अंकलनं एकेक गोटी उचलून बॅटरीच्या उजेडात आत पाहिली. पाहू दे. मी त्याला गूळ दिला, त्यानं तोंडात टाकला आणि यंदाच्या शर्यतीचा, चौघांची नावं लिहायचा कागद माझ्यापुढे सरकवला. चौथी ओळ रिकामी होती. माझं नाव मी मराठीतच लिहिलं.