शेवटची सोळा पानं

आमच्या क्लबात वाचणारा माणूस एकच, आणि तो सभासद नाही.

सभासद त्यांना नावाने हाक मारत नाहीत. "लायब्ररी, जरा पंखा वाढव." "लायब्ररी, माझा चष्मा कुठे राहिला बघ." छत्तीस वर्षं हेच चाललंय. मी मात्र काका म्हणते. मी ऑफिसात टायपिंग करते आणि माझं टेबल लायब्ररीच्या दाराला लागून आहे, त्यामुळे आत काय चालतं ते दिसतं, आणि दिसत नाही ते ऐकू येतं. माझी जीभ तिखट आहे असं सेक्रेटरीसाहेबांचं म्हणणं. असेल. त्यांची पत्रं दिवसभर टाइप केली तर कुणाचीही होईल.

काका बाविसाव्या वर्षी दोन महिन्यांसाठी आले, पुस्तकांना नंबर घालायला. ते आले ते राहिलेच. लग्न केलं नाही. घरी थोरली बहीण. सात वर्षांपूर्वी तिची नजर गेली, तेव्हापासून काका आठवड्याला दोन पुस्तकं घरी नेतात आणि तिला वाचून दाखवतात. आंधळ्या बाईची वर्षाला शंभर पुस्तकं होतात! आमच्या सभासदांचे डोळे ठणठणीत, आणि वाचन मेनूकार्डाच्या पुढे सरकत नाही.

पण मंडळ आहे हो, वाचक मंडळ! दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, साडेपाचला. अर्धगोलात वीस खुर्च्या, वीस प्रती, मध्ये फुलदाणी. अध्यक्षांनी जन्मभर सिमेंट विकलं, आता संस्कृती सांभाळतात. त्यांच्या उजवीकडे डॉक्टरीणबाई, डावीकडे वकीलसाहेब, आणि उरलेले सतरा जण चहाला.

न वाचता दीड तास बोलायचं कसं? तर काका प्रत्येकाच्या प्रतीत एक चिठ्ठी ठेवायचे. गोष्ट थोडक्यात, आणि खाली ज्याने-त्याने मांडायचं मत. सगळ्यांनी एकच बोलू नये म्हणून मतंसुद्धा वेगवेगळी! डॉक्टरीणबाईंना भाषा, वकीलसाहेबांना समाज, आणि अध्यक्ष समारोप करतात म्हणून त्यांना शेवट.

"काका, कशाला यांचे लाड करता?" मी एकदा चिडून विचारलं.

"अगं, पत्तेवाले दोन वर्षं या खोलीवर डोळा ठेवून आहेत," ते म्हणाले. "मंडळ आहे म्हणून लायब्ररी आहे. मंडळ बंद पडलं की इथे पत्त्यांची टेबलं. मग मी ताईला काय वाचून दाखवू, पत्ते?"



गेल्या महिन्यात मंडळाने खुद्द लेखिकेलाच बोलावलं. कादंबरी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईची. नवरा तिला टाकून गेलेला. मंगळवारी काका माझ्या टेबलाशी आले, तोंड उतरलेलं. विसाच्या वीस प्रतींत शेवटची सोळा पानंच नव्हती. बाइंडिंगवाल्याने त्यांच्या जागी आधीचीच सोळा पानं पुन्हा शिवलेली. नवरा दार वाजवतो, आणि पान उलटलं की बाई पुन्हा बाजारात भाजी घेतेय! दुकानदार म्हणाला, नव्या प्रती पंधरा दिवसांनी.

मग काकांनी शेवट अंदाजाने लिहिला. बाई नवऱ्याला आत घेते, त्याचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करून हातात देते आणि म्हणते, आता निघा. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी स्वच्छ अक्षरात टीप: "कोणत्याही प्रतीत शेवटची सोळा पाने नाहीत. वरील शेवट हा माझा अंदाज आहे. कृपया त्यावर बोलू नये." वीस चिठ्ठ्या, वीस वेळा. मी स्वतः पाहिलंय.

शुक्रवारी अध्यक्ष उठले, घसा साफ केला. "या कादंबरीचा शेवट! तिनं ते घड्याळ दुरुस्त करून त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, आता निघा. काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

लेखिका गोंधळली. "पण ती तर मरते. दार उघडायच्या आधीच."

एवढ्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. छे! अध्यक्ष म्हणाले, "मरते, पण आतून." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगदी, मलाही ते तसंच जाणवलं." वकीलसाहेबांनी तर घड्याळ हे समाजाचं प्रतीक आहे म्हणून पाच मिनिटं घेतली. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी होते.

लेखिकेने अध्यक्षांच्या पुढ्यातली प्रत उघडून शेवटची पानं चाळली. मग तिला आतली चिठ्ठी दिसली. तिने ती वाचली, तळापर्यंत. क्लबात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"हे कुणी लिहिलंय?" तिने विचारलं. काका भिंतीशी उभे होते, त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. ती सरळ उठली, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि पाऊण तास फक्त त्यांच्याशीच बोलली. जाताना स्वतःजवळची पूर्ण प्रत त्यांच्या बहिणीसाठी देऊन गेली. काकांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि मला खरं सांगायचं तर रडू आलं. वीस सभासद गार चहा पीत बसले होते.

आता नाक कुणाचं कापलं गेलं? अध्यक्षांचं. आणि दोष कुणाचा? काकांचा! चोराच्या उलट्या बोंबा. सोमवारी कार्यकारिणी बसली. "चुकीची माहिती पुरवली" म्हणून काकांना महिनाअखेर घरी पाठवायचं, निवृत्तीला दीड वर्ष असताना. लायब्ररीत पत्त्यांची टेबलं. मंडळ मात्र चालू राहणार, गच्चीवर. तिथे पुस्तकांची अडचण नाही.

सेक्रेटरीसाहेब टेनिसची रॅकेट फिरवत माझ्याकडे आले. "ते इतिवृत्त आणि लायब्ररीचं पत्र करून ठेव. शनिवारी सह्या."

आमच्याकडे सह्यांची रीत अशी: चौदा-पंधरा पत्रं एका फाइलीत, प्रत्येकाची तळाची कड तेवढी बाहेर. सेक्रेटरीसाहेब एका हातात फोन धरून दुसऱ्याने सह्या करतात, मग अध्यक्ष करतात. त्यानंतर प्रत्येक कागद काका वाचतात आणि जावक नंबर घालतात, कारण कुणीतरी वाचायला हवा ना!

मी टाइप केलं. इतिवृत्तही आणि पत्रही. शनिवारी सह्या झाल्या, आणि फाइल काकांच्या टेबलावर गेली.

त्यांनी चष्मा चढवला. स्वतःचं पत्र आलं तसे थांबले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. "कार्यकारिणीने एकमताने ठरवले आहे की लायब्ररी आहे त्याच जागी राहील, आणि आपली सेवा निवृत्तीनंतर आणखी तीन वर्षे वाढवण्यात येत आहे." खाली दोन झोकदार सह्या.

"शेवट तू लिहिलास?"

"हो."

"मग खाली टीप?"

"टीप तुम्ही लिहिली होतीत की, काका. वीस वेळा. कोण वाचतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. छत्तीस वर्षांत खोटी ओळ न लिहिलेला माणूस. त्यांनी तोंड उघडलं असतं तर आम्ही दोघंही घरी. शेवटी त्यांनी जावक रजिस्टर ओढलं आणि नंबर घातला. 

महिनाअखेरीला अध्यक्ष सुताराला घेऊन खोलीत शिरले. काका पुस्तकाला कव्हर घालत होते.

"तू अजून इथेच, लायब्ररी?"

काकांनी पत्र पुढे केलं. अध्यक्षांनी ते हातात घेतलं आणि पहिल्यांदाच तळापर्यंत वाचलं. आपली सही दिसली. मागे सुतार उभा, दारात मी. न वाचता सही केली म्हणायचं, की केलीच नाही म्हणायचं?

"हो हो," अध्यक्ष म्हणाले, "आठवतंय ना. मीच तर आग्रह धरला होता."