कुटुंब म्हणजे एक चूल

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून साताऱ्याच्या एसटीत बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर छापील फॉर्मांचा एवढा मोठा गठ्ठा होता की त्याचंही अर्धं तिकीट काढा म्हणून कंडक्टरने चेष्टा केली. खिडकीशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "परीक्षेचे पेपर का?" मी म्हटलं, "तसंच काहीसं." परीक्षा कुणाची होणार आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो. विकसनशील देशांतलं शिक्षण, जमीन आणि लोकांचं कल्याण असा आमच्या सरांचा मोठा विषय होता. त्यातल्या सातारा-सांगलीच्या बारा गावांचा वाटा माझ्याकडे आला होता. घरोघर जाऊन विचारायचं, जमीन किती, मुलं शाळेत जातात का, सरकारी सवलत पोचते का. पण त्याआधी घर म्हणजे काय ते ठरायला हवं. त्याची व्याख्या सरांनी आमच्याकडून पाठच करून घेतली होती : एका चुलीवरचं अन्न खाणारी माणसं म्हणजे एक कुटुंब.

साताऱ्यात परवानगीच्या पत्रासाठी तीन दिवस गेले. साहेब दौऱ्यावर, मग शिपाई रजेवर, मग शिक्का कुलपात. मी रोज कचेरीच्या पायरीवर बसून अजिंक्यताऱ्याकडे पाहत असे आणि संध्याकाळी खानावळीत जेवत असे. तिथल्या झणझणीत आमटीने पहिल्या रात्री माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि तिसऱ्या रात्री मी ती मागून घेतली.

पत्र मिळालं तसा रहिमतपूरला गेलो आणि तिथून चार मैल चालत पहिलं गाव गाठलं. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल हातात धरून मी एका पेन्शनर सुभेदारांच्या सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) शिरलो. सुभेदारांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि आधी चप्पल शिवून आणवली, मग बोलायला बसले.

"फॅमिली तीन," ते म्हणाले. "तीन भाऊ, तीन चुली. चला, इन्स्पेक्शन करा."

त्या वर्षांत सीलिंगच्या कायद्याची (एका कुटुंबाने किती जमीन ठेवावी याच्या मर्यादेची) सगळीकडे धास्ती होती. जेवढी कुटुंबं जास्त, तेवढी जमीन सुरक्षित. आत तीन चुली कवायतीला उभ्या केल्यासारख्या एका ओळीत मांडलेल्या होत्या. पहिलीच्या मागची भिंत काजळीने काळीकुट्ट. दुसरीच्या मागची पांढरीशुभ्र. आणि तिसरीत एक कोंबडी बसली होती.

"इथं रोज स्वयंपाक होतो?"

"व्हय तर! दोन्ही टाइम."

कोंबडी उठली, अंड्याकडे एकदा पाहून निघून गेली. सुभेदार आधी खाकरले, मग पोट धरून हसले. "लय बारीक बघताय तुमी. लिवा, एकच लिवा. पण त्या सीलिंगवाल्यांच्या कानावर घालू नका म्हंजे झालं." आमचे फॉर्म गुप्त राहतात असं मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी मला भाकरी, खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) आणि वर वाटीभर काकवी (उसाच्या रसाचा घट्ट पाक) खायला घातली. त्या रात्री मी सरांना कार्ड लिहिलं की आता मला चूल वाचता येते. त्या एका वाक्याची मला अजून लाज वाटते.

साताऱ्याकडची गावं संपवून मी इस्लामपूरला आलो. इकडची माती काळी, नजर जाईल तिथवर ऊस, आणि साखर कारखान्याचं धुराडं हंगाम नसल्यामुळे गप्प उभं. इस्लामपूरहून तासाभरावर जे गाव माझ्या यादीत होतं, त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले तलाठी भाऊसाहेब बरोबर यायला तयार झाले, आणि वाटेत त्यांनी आपलं एक दुखणं माझ्यासमोर मांडलं.

गावात आबा म्हणून उसाचे बागायतदार होते. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको हिराबाई आणि तिची मुलगी सुमन परड्यातल्या (घरामागच्या मोकळ्या जागेतल्या) खोलीत राहत. सुमन सातवीला पहिली आली होती. गावची शाळा सातवीपर्यंतच. इस्लामपुरात मुलींचं एक मोफत वसतिगृह होतं, आणि गरिबाघरच्या मुलीला तिथे जागा मिळत असे. त्यासाठी आई वेगळी राहते, वेगळं खाते, असा तलाठ्याचा दाखला हवा. एकत्र लिहिलं तर आबांचा सगळा ऊस तिच्या नावापुढे मोजला जाणार आणि जागा जाणार.

"मग द्या ना दाखला," मी म्हटलं.

"आबा म्हनतोय, घर एकच हाय. आज कागदावर येगळी झाली की उद्या जमिनीत वाटा मागंल, ह्ये भ्या हाय त्येला. आनि मला ह्याच गावात ऱ्हायचंय." भाऊसाहेबांनी घाम पुसला. "तुमी तिऱ्हाईत. तुमच्या नियमानं बघा. तुमी म्हनशीला तसं मी लिवतो."

एवढा मान मला तोवर कुणी दिला नव्हता.

आबांच्या दारात आठ-दहा माणसं जमली होती. आबा शांतपणे म्हणाले, "बघा की सायेब. आमच्यात काय लपवाछपवी न्हाई." आम्ही परड्यात गेलो. हिराबाई दाराआड उभी होती, पदर कपाळाच्या खाली. सुमन तिच्यापुढे, वेणी घट्ट घातलेली, माझ्या हातातल्या फॉर्मकडे टक लावून. खोलीत एका कोपऱ्यात चूल होती. तिच्यावर ताज्या शेणामातीचा हात फिरवलेला होता, मागची भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली, चुलीत राखेचा कण नाही. मी वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं. काजळी नव्हती. तेवढ्यात हिराबाईने पितळेच्या पेल्यात चहा पुढे केला, आणि तो चहा पुढच्या घरातून, आबांच्या स्वयंपाकघरातून आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

मला सुभेदारांची दुसरी चूल आठवली. कोंबडीसुद्धा आठवली. मी हसलो, हे मला पक्कं आठवतं.

"ही चूल नवी दिसते, भाऊसाहेब," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "चहासुद्धा तिकडून आला. माझ्या हिशेबाने कुटुंब एकच."

सुमन म्हणाली, "आवं, पन आई—" आबांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. हिराबाईने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिला विचारलंसुद्धा, "बाई, तुम्हांला काही सांगायचं आहे का?" ती जमिनीकडे बघत राहिली. मी दोन माणसं आबांच्या फॉर्मवर वाढवली आणि चहा संपवला. चांगला होता.

पुढच्या आठ दिवसांत आणखी तीन गावं झाली. परतीच्या वाटेवर इस्लामपूरच्या स्टँडवर उसाचा रस पीत उभा होतो, तर एक म्हातारी माझ्यासमोर येऊन थांबली.

"तुमी चुली बघनारं सायेब न्हवं?"

"हो."

"मी तानूबाई. हिराच्या शेजारची. लय हुशार मानूस तुमी. पोरीचं वाटुळं केलंसा!"

लोक बघायला लागले. मी तिला बाकावर बसवलं. ती बसली, पण आवाज खाली आला नाही. "आवं, पाव्हना येनार म्हनून त्या बाईनं तांबडं फुटायच्या आदी उठून चूल सारवली, भित पोतारली. राख भांडी घासाय काडली. तुमी म्हनला, नवी हाय! बाईमानूस घर सारवतं, त्येला नवं म्हनत्यात व्हय?"

"पण चहा..."

"तिच्या घरात चा-साकर कवा असती? पुन्याच्या सायबाला नुसतं पानी कसं द्याचं, म्हनून जावंकडनं मागून आनला. दोन वरसं मी तिच्या चुलीतला इस्तू (विस्तव) न्हेतीया रोज. मला इचारलासा?"

"मग ती बोलली का नाही?"

तानूबाई माझ्याकडे बघतच राहिली. "थोरल्या दिराम्होरं? तुमच्यात बोलत्यात व्हय?"

आमच्यातही बोलत नाहीत. माझी आई काकांसमोर कधी मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या चपला वाजल्या की ती वाक्य अर्ध्यात सोडायची. ते बघत मी लहानाचा मोठा झालो, आणि परड्यात उभं राहून मात्र मी त्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा लावला. मला इतकं ओशाळं वाटलं की हातातला रसाचा पेला कुठे ठेवावा तेही सुचेना.

पुण्याची गाडी सोडली आणि तानूबाईबरोबर गावात परत गेलो. चावडीत भाऊसाहेब होते, आबाही होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी झाली, चूल जुनी आहे, कुटुंब वेगळं आहे.

"आठ दिसांत चूल जुनी झाली व्हय?" आबा म्हणाले. दोघेतिघे हसले, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

भाऊसाहेब म्हणाले, साक्षीला कोण? पुरुष मंडळी एकमेकांकडे बघू लागली. तेव्हा तानूबाई चावडीची पायरी चढून वर आली. ती याआधी कधी वर आली नसावी, कारण माणसं आपोआप बाजूला सरकली. तिने डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. "लावा शाई. ज्या चुलीतनं इस्तू न्हेला ती कुनाची, ह्ये मला सांगाय गडी मानूस कशाला पायजे?" आबा उठून निघून गेले. भाऊसाहेबांनी दाखला नव्याने लिहिला.

हिराबाई, सुमन आणि मी दुपारच्या गाडीने इस्लामपूरला आलो. सुमनच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यात एक परकर-पोलकं आणि जिवापाड जपलेल्या दोन वह्या. वसतिगृहाच्या बाईंनी दाखला दोनदा वाचला. बाई मायाळू होत्या, त्यामुळे ते ऐकणं आणखी जड गेलं. "तीन दिवसांपूर्वी यादी भरली हो. हिचा अर्ज बाजूला ठेवला होता मी, पण एकत्र कुटुंबाचा दाखला आला. आता एक कॉटसुद्धा नाही. पुढच्या वर्षी बघू."

बाहेर आल्यावर हिराबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "फुडल्या वरसाला? तवर दीर हिचं लगीन उरकून टाकत्याल." आवाजात राग नव्हता. मी सारखा माफी मागत होतो, ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी परत तरी आलासा."

सुमन मात्र माझ्या फॉर्मांच्या पिशवीकडे बघत होती. गाडी आली तेव्हा तिने विचारलं, "सायेब, तुमच्या कागदावर आता बरोबर झालं न्हवं?"

"झालं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू एवढं तरी झालं, आणि आईमागून गाडीत चढली.

पुण्याला आलो. फॉर्म तपासायला बसलो तेव्हा ती दुरुस्ती पक्की केली, हिराबाईचं कुटुंब स्वतंत्र लिहिलं. सुमनच्या ओळीत 'शाळा सोडली' अशी खूण केली. शेजारी कारणाचा रकाना होता, त्यात निवडायला छापील कारणं होती : गरिबी, घरकाम, शाळा लांब, लग्न, नावड. मी त्यांच्याखाली हाताने लिहिलं, 'पाहणी करणाऱ्याची चूक.'

सरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तुझं म्हणणं समजतं मला. पण एका नोंदीसाठी वेगळा रकाना करता येत नाही." मग त्यांनी पेन्सिलीने त्या ओळीवर खूण केली आणि तो फॉर्म पुढच्या गठ्ठ्यात ठेवला. वर्षभराने तो अहवाल परदेशातल्या एका परिषदेत वाचला गेला आणि अचूकपणासाठी त्याचं कौतुक झालं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. मुलींनी शाळा का सोडली याचा एक तक्ता त्यात आहे, आणि त्याच्या अगदी तळाशी 'इतर' असं लिहून पुढे एकाचा आकडा आहे. ती सुमन आहे.