आधी मायचा आवाज काढला

आभाळ गडगडलं की आमच्या घरात माणसांआधी प्लग सांभाळले जात. आमचं गाव चंद्रपूरकडे, मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून. उन्हाळ्याच्या शेवटी तिथे वीज पडायला निमित्त लागत नाही. एकदा एकाच कडाक्यात आळीतले सगळे टीव्ही जळाले. तेव्हापासून बाबा पहिल्या गडगडाटाला हातातलं जाळं टाकून घरात धावत आणि उपसता येईल ते ते उपसून ठेवत. माय म्हणायची, "एकडाव मलेबी काढून ठेव."

माय तलावातली मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव विकायची. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. दोन हजार सहाच्या आसपास तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

मी तेव्हा बल्लारपूरला टायपिंगच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. ऑपरेशनच्या चार दिवस आधी घरी आले आणि नव्या मोबाईलवर मायला बोलतं केलं. मासोळी विकायची हाक, मरळ कशी साफ करायची, लग्नात बाबांनी कुणाचा ढगळ सदरा घातला होता, शिवाय मला दिलेल्या शिव्या. असे छोटे छोटे नऊ तुकडे रेकॉर्ड केले. बाबांना म्हटलं, ऐका. तर म्हणाले, "ते समोरच बोलून राह्यली ना. मशीनमंदी कायले ऐकू?"

ऑपरेशन करून माय घरी आली ती हातांनी बोलतच. मग बाबांना ते ऐकायचा धीर होईना. "तिले थोडं बरं वाटू दे, मंग दोघंबी संगं ऐकू," म्हणायचे. मीही ते तुकडे उगाच वाजवले नाहीत. वाजवून झिजणार थोडेच होते, पण तसंच वाटायचं.

मोबाईल भरत आला, म्हणून एका रविवारी दुपारी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते पेनड्राइव्हमध्ये टाकले. टाकले म्हणजे कॉपी नाही केले, कट केले. दुकानात दिवसभर तेच करायची, हाताला सवय. आणि एक शहाणपणा मी आधीच करून ठेवला होता. पेनड्राइव्ह हळू चालतो म्हणून सेटिंग बदललं होतं. त्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटर काम झालं म्हणून सांगून मोकळा होतो, पण फाईल अजून त्याच्याच डोक्यात असते. पेनड्राइव्हवर तो सवडीने लिहितो. म्हणून उपसण्याआधी खालच्या कोपऱ्यातला हिरवा बाण दाबून त्याला विचारावं लागतं. तो म्हणाला, काढा, की मगच काढायचं. गिऱ्हाइकांना मी हे दटावून सांगायची.

पडद्यावरची पट्टी भरली आणि नाहीशी झाली. अंगणात जाळं घेऊन बसलेल्या बाबांना सांगितलं, मायचा आवाज आता पेनड्राइव्हमध्ये आहे, आणि मी चहा ठेवायला उठले. तेवढ्यात गडगडलं.

धावत आले तर बाबांनी पेनड्राइव्ह काढून सदऱ्याच्या खिशात घातला होता. पडद्यावर खाली सूचना आली होती की, काही फाईली लिहिता आल्या नाहीत. मी ती पुरती वाचायच्या आत त्यांनी कॉम्प्युटरचाही प्लग ओढला. खिशावर हात ठेवून म्हणाले, "आधी तुया मायचा आवाज काढला. मंग बाकीचं."

पाऊस थांबल्यावर पेनड्राइव्ह लावला. नऊच्या नऊ नावं होती, आत काही नव्हतं. मोबाईलमधून तर मीच काढून टाकले होते. चंद्रपूरच्या दुकानदाराने दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले.

पण त्या दिवशी मी बाबांवर जे तोंड सोडलं, ते आजही आठवलं की लाज वाटते. "तुमाले इचारता येत नाई? काऊन हात लावला?" ते भिंतीला टेकून उभे होते. शेवटी माय उठून आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. सेटिंग माझं होतं, कट मी केलं होतं, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

दीड वर्षाने माय गेली. तेरवीनंतर मी बाबांना सगळं सांगितलं, कॉम्प्युटर कसा लिहितो तेसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सेटिंग मले समजत नाई, बाई. हात त मायाच होता." मी किती समजावलं, पण ते त्यावरच राहिले.

पुढच्या वर्षी भात रोवणीच्या दिवसांत आम्ही दोघं जेवत होतो. बाबा घास हातात घेऊन थांबले.

"एक इचारू? रागावू नको."

"इचारा ना."

"तिचा आवाज जाडा होता का बारीक?"

मी पटकन म्हटलं, "जाडा." त्यांनी मान हलवली, त्यांचं समाधान झालं आणि ते जेवू लागले. मी मात्र ताटावर तशीच बसून राहिले, कारण मलाही नक्की आठवत नव्हतं.