छबुबाईचा स्लॅब आणि पांढऱ्या मातीचा ढीग

चकलांब्याच्या छबुबाईनं आपल्या हयातीत किती जणांची डोकी फोडली, याची मोजदाद गावात कुणी केली नाही. करायला बसला असता तर त्याचंही फुटलं असतं. बाई अंगानं काटकुळी, पण बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला बसली की शेजारचे गडी आपापली पाटी उचलून लांब सरकायचे. दगडावर ती सूड उगवल्यासारखी हातोडी घालायची. सूड कशाचा, ते तिच्या अंगणात सगळ्यांना दिसेल असं पडलेलं होतं.

अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग होता. तो तिच्या जुन्या घराचा. घर मुळात एकच, पण दोन भावांत मधोमध भिंत घालून वाटलेलं. एका बाजूला छबुबाई, दुसऱ्या बाजूला तिचा धाकटा दीर मुंजाजी. वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर पाचट आणि त्यावर हातभर पांढरी माती. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी त्या छतावर नवी माती चढवायची, चोपायची, ही रीत. ज्या साली छबुबाईचा नवरा साप चावून गेला, त्या साली तिच्या बाजूला माती चढवायला कुणी आलं नाही. मुंजाजीनं आपल्या बाजूची तेवढी चढवली. पावसाळ्यात झड लागली आणि एका पहाटे ती मुलीला कडेवर घेऊन पाण्याला गेलेली असताना तिच्या बाजूचं छत खाली आलं. खाली तिचा पाच वर्षांचा सोपान झोपला होता.

तिनं पोराला नखांनी उकरून काढलं, पण तोवर त्याचा जीव गेला होता. उजव्या हाताची दोन नखं तेव्हा गेली, ती पुन्हा नीट आलीच नाहीत. त्या दिवसापासून ती कुणाच्याही माळवदाखाली गेली नाही. लग्न असो, मयत असो, छबुबाई अंगणात. आणि त्या ढिगाला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. माती गावात सोन्याच्या मोलाची, कारण पांढरीची खाण गाळानं बुजलेली. दरवर्षी उन्हाळ्यात मुंजाजी पाटी घेऊन ढिगाकडे यायचा आणि दरवर्षी काहीतरी फोडून घेऊन परत जायचा. कधी ओठ, कधी गुडघा. एकदा टिकावाच्या दांड्यानं तिनं त्याचे पुढचे दोन दात पाडले, तेव्हापासून त्याचं बोलणं शिट्टीसारखं येतं.

"वैनी, आगं मातीच हाय ती! माझं माळवद पातळ झालंय!"

"पडू दे तुझ्या उरावर."

असं त्यांचं प्रेम.

पुढं गावात घरबांधणीची सोसायटी निघाली आणि सभासदांना शिमीट मिळायला लागलं. छबुबाई पहिल्या दिवशी सभासद झाली. तिला मातीचं काही नको होतं. भिंत नको, छत नको, सारवणसुद्धा नको. सोसायटीच्या गोदामात तिच्या नावची पोती आली, तेव्हा संचालकांपैकी एकाचा जावई ती आपल्या बैलगाडीत भरायला लागला. छबुबाई खोरं घेऊन पोत्यांवर जाऊन बसली.

"या पोत्याला हात लावील त्याचा हात हितंच ऱ्हाईल."

जावयाला वाटलं, बाईमाणूस आहे, बोलते. त्यानं हात लावला. खोऱ्याचा दांडा त्याच्या खांद्यावर असा बसला की हाड मोडल्याचा आवाज गोदामाबाहेरच्या लोकांनी ऐकला. गाडीत मग पोत्यांऐवजी जावयालाच घालून गेवराईला न्यावं लागलं. छबुबाईला त्याबद्दल कधी वाईट वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

स्लॅब टाकला गेवराईच्या चाँद मिस्त्रीनं. माणूस कामाचा पक्का आणि बोलायला मऊ. सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या तेव्हा छबुबाई खालून छताकडं कितीतरी वेळ बघत राहिली. एक भेग नाही, एक कण माती नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात चाँदनं नको ते काढलं.

"मावशी, वरून ईतभर पांढरी माती पसरून घ्या. ढीग हायेच अंगनात."

"कावून?"

"शिमीट ऊन पितंय. दिवसभर पिनार आन सांच्याला तुमच्या अंगावर वतनार. मातीत पोकळी ऱ्हाती, पाचट ऱ्हातंय, ऊन वरच्यावरच मरतंय. नुसता स्लॅब म्हंजे लई तापनार, भाकर भाजाल त्याच्याखाली."

छबुबाईनं त्याचीच थापी उचलली आणि फेकून मारली. कानाची पाळी फाटली. "माज्या डोक्यावर माती?" एवढंच ती म्हणाली. चाँदनं कान धरला, सामान उचललं आणि पुढची काही वर्षं तो तिच्या गल्लीतून गेला नाही.

तसं त्या वर्षांत निभावून गेलं. पावसाच्या रात्री सोडल्या तर ती स्वतः अंगणातच झोपायची. उन्हाळ्यात संध्याकाळी चार घागरी पाणी स्लॅबवर ओतायची, तेव्हा वरून चर्र आवाज यायचा आणि वाफ उठायची. लोक हसायचे. ती लोकांकडे एक नजर टाकायची आणि हसणं थांबायचं.

मग पुन्हा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, टँकर यायला लागला आणि टँकरपाशी रोज मारामाऱ्या व्हायला लागल्या. घागरींनी घागरी फुटल्या, झिंज्या उपटल्या गेल्या, एका म्हातारीचा पाय गर्दीत तुडवला गेला. छबुबाई तिथं राणी होती. पण प्यायच्या पाण्यासाठी जिथं रक्त सांडत होतं, तिथं स्लॅबवर ओतायला पाणी कुठलं? अंगणातल्या लिंबाचा पाला शेळ्यांना घालून संपला होता. तेव्हा वैशाखात तिची मुलगी सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

मुलगा झाला. छबुबाईनं बाळंतपण रीतसर केलं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलं, दार लावलं, बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-शेपाची धुरी दिली. पोराला कुंची घातली. तिच्या आईनं तिचं असंच केलं होतं आणि तिच्या आजीनं तिच्या आईचं. फक्त त्या सगळ्या जणी माळवदाखाली बाळंत झाल्या होत्या, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिथं शेगडीची ऊब मातीत मुरायची. इथं वरून स्लॅब आग ओतत होता, खालून शेगडी, आणि मधे तिची लेक आणि नातू.

"माय, जीव घाबरतोय," सुभद्रा म्हणायची.

"ऱ्हातंय तसं. मला न्हाई का झालं?"

एका दुपारी ती टँकरवरून भांडून आली. घागर अर्धी, कपाळाला खोक. दार उघडलं तर आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. सुभद्रा बाजेवर डोळे फिरवून पडली होती. पोराचं अंग तापून कोरडं झालं होतं. ते रडत नव्हतं, तोंड नुसतं उघडमीट करत होतं.

छबुबाईनं शेगडी उघड्या हातांनी उचलून अंगणात भिरकावली. निखारे उडाले, त्यांच्यावरूनच अनवाणी परत गेली आणि घागर दोघांच्या अंगावर रिकामी केली. पाणी क्षणात सुकलं. बाहेर सावली नव्हती, नुसत्या झळा. छताला हात लावून बघायला ती बाजेवर चढली. तळवा चटकन मागं आला. ज्या छतासाठी तिनं माणसाचं हाड मोडलं होतं, ते तिच्या नातवाला भाजून मारत होतं. ती छताकडे बघून अशी ओरडली की अख्खी गल्ली दारात आली.

गार खोली जवळपास एकच होती, मुंजाजीची. त्यानं अजून डोक्याला फडकं बांधलेलं होतं, कारण आठवड्यापूर्वीच एका पाटीभर मातीपायी छबुबाईनं त्याचं डोकं फोडलं होतं. लेक एका खांद्यावर, पोर दुसऱ्या हातात, अशी ती येताना बघून तो काठी घेऊन दारात आडवा झाला.

"आत घे ह्यांना," ती म्हणाली. विनवणी तिला कधी जमलीच नव्हती, हुकूमच निघाला.

"का बरं? तुझा स्लॅब हाय की! एक पाटी माती दिली न्हाईस, आन आता त्याच मातीच्या सावलीला येतीस? वर बाळंतपणाचं सुवेर घेऊन?"

"सरक, मुंजा."

"न्हाई सरकत."

तिनं लेकीला ओट्यावर टेकवलं, पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि सरळ त्याच्यावर गेली. त्यानं काठी हाणली. खांद्यावर एक, पाठीवर एक. तिनं काठी धरली आणि दोघं धुळीत लोळायला लागली. त्याच्या डोक्याचं फडकं सुटलं, जखम वाहायला लागली, तिच्या ओठातून रक्त आलं. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडत होतं. "तू माती चढवली न्हाईस!" ती त्याच्या छाताडावर बसून मारत होती. "तुझ्या बाजूला चढवलीस, माज्या न्हाई चढवली! माजं पोरगं खाल्लंस!" मुंजाजीनं मारायचं थांबवलं. तो नुसता हात आडवे घेऊन मार खात राहिला.

"तुमचं उरकलं की सांगा," दारातून मुंजाजीची बायको तुळजाबाई म्हणाली. "लेकरू आत निजवलंय. सुभद्रीला पानी पाजलंय. सुवेर गेलं चुलीत."

छबुबाई उठली आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. पलीकडे अंधारी, गार खोली. वर तुळया, फळ्या आणि पातळ झालेली माती. निखाऱ्यांवरून चाललेली बाई उंबरा ओलांडेना.

"माय," आतून सुभद्रा म्हणाली.

छबुबाई आत गेली. पोर घोंगडीवर निजवलं होतं. ती त्याच्यावर ओणवी झाली, दोन्ही हात घोंगडीवर रोवले, पाठ छताकडं केली आणि तशीच राहिली. छत पडलं तर आधी तिच्यावर पडणार होतं. तुळजाबाईनं दोनदा सांगितलं, "जाऊबाई, बसा की." ती हलली नाही. ओठातलं रक्त पोराच्या अंगावर पडू नये म्हणून तिनं तोंड तेवढं वळवलं होतं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पोराचं अंग निवलं आणि ते तिच्या पोटाखाली जोरात रडायला लागलं. मग छबुबाईही रडली. सोपान गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टिकाव घेऊन ढिगापाशी उभी राहिली. मुंजाजी आपल्या ओट्यावरून बघत होता, डोळा सुजलेला. तिनं पहिला घाव घातला. मग दुसरा. घाव घालताना तिच्या तोंडून शिव्या येत होत्या, देवाला, पावसाला, नवऱ्याला चावलेल्या सापाला. माती कडक झाली होती, ढेकळं उडून तिच्या तोंडावर बसत होती. पाटी भरली तशी तिनं ती डोक्यावर घेतली आणि मुंजाजीपुढं नेऊन आदळली.

"आधी तुझं चढव. पातळ झालंय. उरलं की माज्या स्लॅबावर."

मुंजाजीनं खोरं उचललं आणि शिडीला पाय लावला. ती खालून पाटी देत म्हणाली, "दमानं पसर, मुंजा. त्यात माजं सोपान हाय."

मुंजाजीनं खोरं खाली टाकलं. पायातल्या वहाणा काढल्या, वर गेला आणि ती माती हातांनी पसरायला लागला.