अमेयच्या वेलाची बिअर

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या कांचनकाकूंनी उभ्या आयुष्यात बिअरचा थेंब चाखला नव्हता, आणि त्यांच्या लेकाचा हट्ट नेमका तोच! अमेयने परसातल्या कुंपणावर बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सचा वेल चढवला होता. ऑगस्ट सरता सरता त्याची हिरवी फुलं तोडायची आणि सुकायच्या आत, त्याच दिवशी, पातेल्यात उकळायची, हा त्याचा खाक्या. बिअर तयार झाली की पहिला ग्लास घेऊन तो आईमागे लागायचा, "आई, एक घोट, प्लीज!"

"मेल्या, आईला दारू पाजतोस?" काकू म्हणायच्या. तो 'मेल्या' आता त्यांच्या जिभेवर येत नाही. तीन वर्षांपूर्वी हायवेवर बर्फात गाडी घसरली आणि अमेय गेला.

गेला म्हणजे काय, गेलाच नाही! वेल दर उन्हाळ्यात आपला आपण वर येई, आणि फुलं भरली की बेसमेंटच्या जिन्यात अमेयच्या हातांचा वास येई, ओल्या गवताचा, संत्र्याच्या सालीचा. पितृपक्षात डेकवर पान ठेवलं की कावळे कुंपणावर बसून राहत, पानाला शिवत नसत.

"त्याची इच्छा राहिलीय गं," काकूंचे यजमान गुरुदत्तकाका हात जोडत. "एक घोट घे आणि सोड त्याला."

काकू ढिम्म. इच्छा पुरी झाली की लेक कायमचा जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. काका आत वळले की त्या स्वतः टॉवेल उडवून कावळे हाकलत. वेडी म्हणा हवं तर! पण पोटचा गोळा जिन्यापर्यंत तरी येतोय, तर कुठली आई दार लावून घेईल?

यंदा रीमाने फुलं तोडून नेली. तिचं आणि अमेयचं लग्न ठरलं होतं. सर्वपित्री अमावस्येला ती त्याच फुलांच्या बिअरची बाटली घेऊन आली. बिचारीचे डोळे खोल गेले होते.

"काकू, मला एकाने लग्नाचं विचारलंय. चांगला आहे. पण मी हो म्हणायला गेले की अपार्टमेंटभर हाच वास येतो. मी थकलेय, काकू."

आपण एकट्या लेकालाच धरून ठेवलं नव्हतं, हे काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी ग्लास उचलून तोंडाला लावला. कडू जहर! आणि मागोमाग जिभेवर तोच वास.

"छान झालीय रे राजा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "उगाच छळलं तुला."

कुंपणावरचा कावळा खाली आला. काकूंचा हात टॉवेलकडे गेला आणि तिथेच थांबला. कावळ्याने पानावरचा वडा उचलला, आणि तो उडून गेला.

संध्याकाळी काका-काकू दोघं बेसमेंटच्या जिन्यात उभी राहिली. कपड्यांच्या साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही. आणि इतकी वर्षं सोड त्याला, सोड त्याला म्हणणारे काकाच पायरीवर बसून ढसाढसा रडायला लागले.

"कांचन, अगं, इतक्या लवकर?"