मोरीमागचं डिझेल

संपाच्या वेळी भरलेला डिझेलचा कॅन दोन वर्षं मोरीमागे पडून होता. वाया कशाला घालवा, म्हणून एका सकाळी मीच तो पिकअपच्या टाकीत ओतला, कुणाला न सांगता. कांदा घेऊन निघालेली गाडी चाकणच्या चौकातच बंद पडली. ओढून दारात आणली, तर मेकॅनिक म्हणाला, "डिझेल सडलंय, फिल्टर बघा कसा काळा झालाय."

आमचे हे ड्रायव्हरवर धावून गेले. "चांगलं विकलंस आणि घाण भरलीस, व्हय रे?"

"काकू, तुम्ही तरी सांगा की!"

"मला बाई गाडीतलं काय कळतंय?" मी म्हटलं.

त्याला तिथंच कामावरून काढलं. जाताना तो माझ्या पाया पडला. डोक्यावर ठेवलेला हात मी पटकन मागं घेतला, हाताला अजून वास होता ना!