चाकावरचं कुंकू

नव्या जीपच्या चाकांचे नट मी आवळू दिले नाहीत, कारण त्यांवर बायकोने कुंकू लावलं होतं.

आमच्या शेजारचे पाटीलकाका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी लक्ष सगळं रस्त्यावरच. निघायच्या सकाळी कुंपणावरून पाना पुढे करत म्हणाले, "नव्या गाडीची चाकं थोडं चालल्यावर बसतात, मग नट ढिले पडतात. हा पाना घे, एकदा फिरव."

"काका, आत्ताच पूजा झालीय! कुंकू पुसलं जाईल."

वसूने, म्हणजे माझ्या बायकोने, तेलात कुंकू कालवून प्रत्येक नटावरून खाली चाकापर्यंत बोटाने एकेक रेघ ओढली होती. तेवढ्या रेघा सोडून उरलेली सगळी जीप मी पिवळ्या फडक्याने चकचकीत पुसली होती. काका पाना घेऊन आत गेले. दार जरा जोरात लावलं, एवढंच.

विचुंब्याहून निघालो ते उरणला, सासूबाईंना आणायला. अंगणात घसरून त्यांचा पाय मोडला होता आणि आता प्लास्टरमध्ये होता. "मी घर सोडून कुटं येनार नाय," हा त्यांचा निरोप दर आठवड्याला यायचा. शेवटी लेकीच्या घरची गाडी दारात येणार म्हटल्यावर एकदाच्या कबूल झाल्या. पायाला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून वसूने मागच्या बाकावर गोधड्यांची गादी केली होती आणि वाटेत सारखी मागे वळून ती नीट करत होती. जणू आई आत्ताच तिथे निजली आहे.

गव्हाण मागे पडलं आणि बंदराकडे जाणारे ट्रेलर सुरू झाले. त्यांनी रस्त्याची पार चाळण केलेली. खड्ड्यांतून जाता जाता मागून आवाज येऊ लागला. टक, टक.

"अहो, काहीतरी वाजतंय."

"तुझा लाडवांचा डबा."

तिने डबा उचलून मांडीवर घेतला. टक, टक.

"नवी गाडी आहे. अंग मोकळं करतेय," मी जाणकारासारखा म्हणालो.

वसू खिडकीबाहेर बघू लागली. ती अशी बघते ते माहेरची मिठागरं दिसली की, नाहीतर माझं बोलणं सहन होईनासं झालं की. त्या दिवशी दोन्ही होतं. पांढऱ्या ढिगांवर ऊन चमकत होतं आणि खाडीवरून खारट वारा येत होता.

सासूबाई पडवीत खुर्चीवर तयार बसल्या होत्या. मी आधी जीपच दाखवायला निघालो.

"जेवा आदी. गारी काय पलून नाय जात."

जवळा (वाळवलेली अगदी बारीक कोळंबी) आणि तांदळाची भाकरी. मी इतका जेवलो की जीपचं कौतुक काही वेळ गळ्याखालीच राहिलं.

मग शेजारच्या दोघांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून जीपजवळ ठेवलं. त्यांची नजर नेमकी मागच्या चाकाच्या उंचीवर आली. मी रंगाविषयी बोलत होतो.

"वसे, कुकू तू लावलास?"

"हो आई."

"मंग असा वाकरा?"

वसूला ते लागलं. "वाकडं कसं? सरळ रेघ ओढलीय मी." ती खाली वाकली आणि तशीच राहिली. रेघेचा चाकावरचा तुकडा जागच्या जागी होता. नटावरचा भलतीकडे तोंड करून बसला होता. मी नट चिमटीत धरला. तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

वसूने आईच्या प्लास्टरवर हात ठेवला.

सीटखालचा पाना अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. चारही चाकांचे नट आवळले, मग गाडीखाली शिरून कमानीचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, बोल्टही. बाहेर आलो तेव्हा सगळं कुंकू माझ्या हाताला आणि सदऱ्याला लागलं होतं. सासूबाईंनी देवापुढचा करंडा मागवला. त्या करंडा धरून बसल्या आणि वसूने पुन्हा एकेका नटावर रेघ ओढली. "जरा लांब वड," त्या म्हणत होत्या, "गारीतून दिसाया पायजे."

परतीची वाट मी बैलगाडीच्या चालीने कापली. थोड्या थोड्या अंतरावर वसू उतरायची, चाकांभोवती फिरून यायची आणि मान हलवायची: रेघा सरळ आहेत. गव्हाणच्या पुढे मी आरशात पाहिलं. सासूबाई लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या आणि वसूचं कुंकवाने माखलेलं बोट त्यांच्या पांढऱ्या केसांतून फिरत होतं. इतकी वर्षं ज्या बाईच्या हाताला नुसतं चांगलं वळण आहे असं मी म्हणत आलो, तो हात आज आम्हा तिघांना घरी नेतोय, असं काहीतरी मनात आलं.

दारात पोचलो. पाटीलकाका कुंपणाशी उभेच होते. सासूबाईंना अलगद उतरवून खुर्चीत बसवलं आणि मी, सवयीने, धूळ झटकायला पिवळं फडकं काढलं.

"जावई," सासूबाई म्हणाल्या, "पुसता रोज. बगता कदी?"